नांगीपर्यंत

दोन्या रेमेदियोसनी पाव कापायची सुरी नातीच्या डोक्यावर आडवी धरली, तिचं टोक दाराच्या चौकटीत रुतवलं आणि ओरडल्या, "पोचली!" कासिल्दा ओट्याशी मिरच्या भाजत होती. तो शब्द तिच्या पाठीत धपका बसावा तसा बसला. वळून बघायच्या आधीच तिला कळलं, कोण पोचली आणि कुठं पोचली ते. सासूच्या स्वयंपाकघराच्या त्या चौकटीवर ओल्वेरांच्या सगळ्या नातवंडांच्या उंचीच्या रेघा होत्या आणि सगळ्यांच्या वर नखांच्या लाल रंगानं ओढलेली एक जाड रेघ होती. ती विंचवाची नांगी. शहराच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी जी मोठी बाग आहे, तिथल्या सर्वांत उंच रोलर कोस्टरचं नाव विंचू. त्याच्या रांगेच्या वरच्या टोकाला लाकडाचा एक विंचू उभा केलेला आहे. पोराचं डोकं त्याच्या नांगीला टेकलं तर आत, नाही टेकलं तर घरी. आणि ओल्वेरांच्यात पोर नांगीला टेकलं, की येणाऱ्या वाढदिवसाला त्याला विंचवावर बसवायचं, अगदी पुढच्या डब्यात, आजीच्या शेजारी. बाप्तिस्म्याचा मुहूर्त एक वेळ चुकला तरी चालेल, हा चुकायचा नाही. नोएलिया हनुवटी वर करून चौकटीला चिकटून उभी होती. तिनं त्या दिवशी केसांचा अंबाडा घातला होता आणि सुरी अंबाड्यावर टेकली होती, डोक्यावर नव्हे. हे कासिल्दाला लांबूनही स्पष्ट दिसलं. 'सासूबाई, केस मापात धरू नका,' एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. तेवढ्यात मिरची करपली, सगळे खोकायला लागले आणि दोन्या रेमेदियोस खोकता खोकता हसत म्हणाल्या, "बघा, आई घाबरली! मिरच्या जाळून टाकल्या बाईनं!"

कासिल्दाला त्या घरात गप्प बसायची सवय लग्नानंतर लागली असं नाही, ती माहेराहूनच घेऊन आली होती. तिच्या माहेरी, त्लाक्सकालात, माणसं खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करत. आई पाठीवरून हात फिरवायची तोही वर्षातून एकदा, नाताळच्या प्रार्थनेनंतर, आणि फिरवून झाला की पदराला पुसल्यासारखा झग्याला पुसायची. म्हणून तर एवारिस्तोच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा तिला हा गोंगाट आवडला होता. खोटं कशाला बोला, ती त्या गोंगाटाच्याच प्रेमात पडली होती, एवारिस्तो त्याच्याबरोबर आला. सगळे एकमेकांच्या ताटातलं उचलत होते, एकमेकांना टपल्या मारत होते, जाता जाता ढकलत होते. ओल्वेरांच्यात प्रेम ढकलून करतात, हे तिला हळूहळू कळत गेलं. लहान मूल पोहायला शिकतं ते पाण्यात ढकलल्यावर. मुलगा मुलीला विचारतो तो मित्रांनी पाठीमागून ढकलल्यावर. आणि या घरात गप्प बसलेल्या माणसाला आजारी समजून त्याला काढा देतात. लग्नानंतर तिच्या पहिल्या वाढदिवसाला केक आला होता दोन मजली. गाणं म्हणून झालं आणि सगळ्यांनी ठेका धरला, चावा! चावा! हात मागे बांधून, नुसत्या तोंडानं केकचा पहिला घास घ्यायचा आणि घेताना कुणीतरी मागून डोकं दाबायचं, ही रीत सगळ्या मुलखाचीच, तिच्या माहेरीही होती; पण माहेरी फार तर नाकाला मलई लागायची. इथं मानेवर एक हात आला आणि तिला पार आत घातलं. वरचा मजला खचू नये म्हणून हलवायानं आत लाकडी काड्या खोचल्या होत्या. त्यातली एक डाव्या डोळ्याखाली घुसली. ती वर आली तेव्हा मलई गुलाबी व्हायला लागली होती आणि नणंद फाबिओला टाळ्या वाजवत म्हणत होती, "अगं बाई, आत स्ट्रॉबेरी आहे का?"

मग सगळे घाबरले, तेही मान्य करायला हवं. बर्फ आणला. टॅक्सीत दोन्या रेमेदियोसनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत ग्वादालुपेच्या माउलीचा धावा करत ढळाढळा रडल्या. त्यांच्यात वाईट कुणीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाचा उघड राग करता येतो. तो हात कुणाचा होता, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पंजाच्या रुंदीवरून तिला आपला एक अंदाज होता आणि तो अंदाज तिनं डोळ्याखालच्या वणाबरोबर जपून ठेवला होता. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा त्याच उत्साहानं ठेका धरला, चावा! चावा! तेव्हापासून घरात कुणाचाही केक आला, की कासिल्दा तो आधी स्वयंपाकघरात नेते आणि पातळ सुरीनं आतल्या काड्या चाचपून एकेक ओढून काढते. केक जरा कलतो. "आमच्या सुनेला केकसुद्धा घाबरून वाकतो," असं सासू पाहुण्यांना सांगते.

विंचवावर तीही बसली होती, नवी नवरी असताना, मांडीवर अडकवलेला लोखंडी दांडा घट्ट धरून. साखळी डब्याला वर खेचत नेते तेव्हाचा खट्खट् आवाज तिला अजून दातांत आठवतो. वर शहराचा सगळा तपकिरी धूर खाली राहिला होता आणि निळं आभाळ एकदम समोर आलं होतं. ते सुंदर होतं, आणि हे आपल्या हाताबाहेर आहे, एवढंच तिला त्याबद्दल समजलं. खाली कोसळायच्या आधीच्या त्या थांबलेल्या क्षणी तिनं डोकं गुडघ्यांत घातलं.  शेजारून एवारिस्तो तिच्या मानेला धरून तिचं तोंड वर करायची खटपट करत होता. "अगं काडी, वर बघ ना, फोटो!" तो तिला लाडानं काडी म्हणतो. एका वळणावर कॅमेरा बसवलेला आहे. उतरल्यावर तो फोटो विकत मिळतो, आणि दोन्या रेमेदियोसच्या बैठकीत माउलीच्या तसबिरीखाली असे सगळे फोटो ओळीनं लावलेले आहेत. सगळ्यांची तोंडं उघडी, हात वर. कासिल्दाच्या फोटोत सगळ्यांच्या मधे एक भांग दिसतो. फक्त भांग. "ही आमची धाकटी सून, बिनडोक्याची," म्हणून तो फोटो प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. उतरल्यावर ती त्या सगळ्यांकडे बघून हसली होती. भीतीबद्दल तिनं स्वतःला कधीच माफ करून टाकलं, त्या हसण्याबद्दल अजून केलेलं नाही. सुरीनं रेघ ओढली त्याच रविवारी सासूनं फोटोंच्या ओळीत शेवटी एक नवा खिळा ठोकला. जाता येता तिला तो रिकामा खिळा दिसायचा. त्या घरात एवढं एकच माणूस तिचं होतं, गप्प राहणारं, दारावर टकटक करणारं, जेवताना ताटावर हात आडवा धरणारं. आणि त्याच्यासाठी खिळा ठोकून झाला होता. एकदा त्या डब्यातून ओरडत, हात वर करून खाली आली, की नोएलिया त्यांची. मग आपण या घरात एकट्या.

म्हणून वाढदिवसाच्या सकाळी तिनं नोएलियाच्या दोन वेण्या घातल्या, कवटीला चिकटून, इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या. जाड तळव्याचे खेळाचे बूट पलंगाखाली आत सरकवले आणि कापडी, पातळ तळव्याचे काढून दिले. वर्षभर पुरावेत म्हणून ते एक नंबर मोठे घेतलेले होते.

"हे फटक-फटक वाजतात," नोएलिया म्हणाली.

"ऊन फार आहे आज. पाय मोकळे राहतील."

नोएलियानं आरशातून आईकडे बघितलं. लहान मुलांच्या डोळ्यांत कधी कधी काहीच दिसत नाही, तसे ते डोळे होते. कासिल्दानं केकमधल्या काड्या वेचून काढल्या, मक्याच्या पोळ्या, टॉर्टिया, शेकून भरतकामाच्या फडक्यात गुंडाळल्या, टाको करायला मांसाचे तळलेले काप डब्यात भरले, आणि खाली फाबिओलाच्या नवऱ्यानं गाडीचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. आपण पोरीला फसवतोय असं तिला क्षणभर वाटलं. दुसऱ्या क्षणी तिला बरं वाटलं. या लोकांना निदान एकदा फसवायला मिळतंय, एवढाच त्या बरं वाटण्याचा अर्थ होता.

बाग तिला दुरूनच नकोशी झाली. झाडांच्या वर विंचवाचा पिवळा मणका दिसायला लागला आणि गाडीत आरोळी उठली. आत तळणाचा वास, लिंबू-तिखट लावलेल्या मक्याच्या दाण्यांचा वास, तापलेल्या लोखंडाचा वास, एकावर एक चढलेली गाणी. दर थोड्या वेळानं डोक्यावरून डबे जायचे आणि त्यातली माणसं एका सुरात किंचाळायची, जणू वरती कुणी नेमून दिलेलं काम करत होती. ओल्वेरा इथं कशालाच बिचकत नव्हते. दोन्या रेमेदियोसनी तर ठेवणीतली कर्णफुलं घातली होती आणि चालता चालता ती काढून रुमालात बांधली, कारण वरती ती उडतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. कासिल्दाकडे नेहमीप्रमाणे पिशव्या आल्या. या बागेत तिचं काम ठरलेलं होतं: विंचवाखालच्या बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या, टोप्या, चष्मे राखायचे. आज ती पिशव्यांसकट रांगेत शिरली.

"काडी, तू पण?" एवारिस्तोच्या आवाजात खरा आनंद होता. त्यामुळे तिला त्याचा अधिकच राग आला.

"मापापर्यंत येते. मग जाते."

"मापाचं काय बघायचंय? घरी झालंय की माप," फाबिओला म्हणाली. "की तुझा आमच्या सुरीवर विश्वास नाही?"

रांगेच्या वरच्या टोकाला च्युइंग गम चघळत एक पोरसवदा कामगार मुलगी उभी होती, उन्हानं नाक सोललेली. तिनं नोएलियाला लाकडी विंचवाखाली उभं केलं आणि वेण्यांवर हात फिरवून केस चपटे केले. नांगी आणि डोकं यांच्यामधे बोटभर फट राहिली. त्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. "पुढच्या वर्षी ये हं, राणी," ती मुलगी म्हणाली. आणि कासिल्दा हसली. तिला हसायचं नव्हतं. इतके दिवस छातीत कोंडून धरलेलं जे होतं ते बाहेर पडलं आणि हसण्याच्या आवाजात पडलं, चांगलं मोठ्यानं, रांगेतल्या चार माणसांनी वळून बघावं इतकं.  तिनं कठडा धरला. नोएलिया विंचवाखालून बाहेर येत होती आणि आईच्या उघड्या तोंडाकडे बघत होती.

जेवायला ते झाडांखालच्या सिमेंटच्या टेबलावर बसले. सगळं घर उतरलेल्या चेहऱ्यानं जेवत होतं आणि उतरलेल्या चेहऱ्यानं जेवतानाही बोलायचं थांबत नव्हतं. "दाराची चौकट फुगली असेल," फाबिओलाचा नवरा म्हणाला. "सुरी वाकडी धरली तुम्ही, आई," एवारिस्तो म्हणाला. "मी पोरांना मापतेय ते तू लंगोटात होतास तेव्हापासून," दोन्या रेमेदियोस म्हणाल्या, "माझ्या सुरीला नावं ठेवायची नाहीत." मग त्यांनी सुनेकडे बघितलं. "वेण्या छान घातल्यास हो पोरी. अगदी घट्ट." त्या एवढंच म्हणाल्या आणि डबा पुढे ओढला. कासिल्दानं हातातला घास ताटात ठेवला. कळलंय हिला. म्हातारीला सगळं कळलंय. कळू दे. ती कितीतरी दिवसांनी चवीनं जेवणार होती, आता तेही गेलं. तिनं नोएलियाच्या ताटात दोन काप वाढले. नोएलियानं ताटावर हात आडवा धरला. हा हात इतके दिवस फक्त इतरांसाठी असायचा. थोड्या वेळानं पोरगी उठली, म्हणाली, "आजी, मला बाथरूमला जायचंय," आणि आजीचं बोट धरून गेली. आईला विचारायचं सोडून आजीला. कासिल्दा टॉर्टियांचं फडकं बांधायला लागली तेव्हा ते तिला हलकं लागलं. इतक्या टॉर्टिया कुणी खाल्ल्या, असं तिच्या मनात येऊन गेलं. एवारिस्तोनं खाल्ल्या असतील, तो रागावला की खातो.

बाथरूमकडून त्या दोघी परत आल्या तेव्हा नोएलिया तापलेल्या वाळूवरून चालावं तशी चालत होती. बूट आता फटक-फटक वाजत नव्हते. "आपण परत एकदा मापू या," दोन्या रेमेदियोस जाहीर करून मोकळ्या झाल्या. "मघाची ती पोरगी झोपेत होती. जेवण झाल्यावर माणूस वाढतो." सगळे हसले, सगळे उठले, चेहरे पुन्हा वर आले. कासिल्दानं पोरीच्या पायांकडे बघितलं. मग सासूकडे बघितलं. रुमालात बांधलेली कर्णफुलं कमरेला लटकवून म्हातारी रांगेकडे निघालीसुद्धा होती, नातीच्या मानेवर हात ठेवून. तोच पंजा. रुंद, आखूड बोटांचा. कासिल्दाच्या डोळ्याखालचा वण उन्हात चुरचुरला. बुटात काहीतरी घातलंय. हिनं घातलंय. माझ्या पोरीच्या बुटात हिनं कागद कोंबलेत, आणि मी पिशव्या धरून बसायचं.

ती पुन्हा रांगेत शिरली. लोखंडी कठड्यांच्या मधून रांग वळत, वळत वर जात होती आणि प्रत्येक वळणाला तो आवाज जवळ येत होता, खट्खट्, खट्खट्. दातांत.  एवारिस्तो पुढे कुणाशी तरी गप्पा मारत होता. मागचे लोक पिशव्यांना खेटत होते, ढकलत होते. या देशात रांगसुद्धा पाठीत ढकलल्याशिवाय पुढे सरकत नाही. आपल्याला भीती वाटतेय ती पोरीसाठी की आपल्यासाठी, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत रांग सरकली. डबा मोकळा होऊन समोर थांबला. त्यातून उतरणाऱ्यांचे केस उभे राहिले होते आणि ते अनोळखी माणसांच्याही खांद्यावर हात टाकत होते. नोएलिया त्यांच्याकडे बघत होती.  तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, आणि तरी ती पुढे चालली होती. हे कासिल्दाला दिसलं. भीती तिचीच होती, नाकासारखी, भुवयांसारखी. पण पुढे चालणं तिचं नव्हतं. पोरगी विंचवाखाली उभी राहिली. नांगी केसांना टेकली. च्युइंग गमवाल्या मुलीनं भुवई उडवली, खांदे उडवले आणि मान हलवली.

"तिच्या बुटात कागद आहेत," कासिल्दा म्हणाली.

आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. सगळे वळले. "काय?" एवारिस्तो म्हणाला.

"बुटात कागद घातलेत! या बाईंनी!" तिनं सासूकडे बोट केलं. बोट केलं आणि ते खाली घेता येईना. "सगळ्यांना ढकलून झालं, आता माझ्या पोरीला ढकलताय! तो दांडा तिच्या मांडीवर बसणार नाही, ती पडेल वरून, कळतंय का तुम्हाला? फोटो हवाय! भिंतीला फोटो हवाय यांना!"

"मी?" दोन्या रेमेदियोस एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखरच कोरा होता.

"बूट काढ बघू, राणी," कामगार मुलगी म्हणाली.

नोएलियानं आधी आजीकडे बघितलं. मग खाली बसली, नाड्या सोडल्या आणि बूट उलटा केला. त्यातून दुमडलेल्या टॉर्टिया पडल्या. एक, मग आणखी एक, टाचेचा खड्डा उमटलेल्या. दुसऱ्या बुटातून तशाच. एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग मागून एक जाड आवाज आला, "अहो, त्याच्यावर चटणी घाला की!" आणि सगळी रांग फुटली. "पायाचे टाको! गरमागरम पायाचे टाको!" "मला दोन, कांदा जास्त!" "चीज आहे, चीज! वासावरूनच कळतंय!" खालच्या वळणापर्यंत ही बातमी गेली आणि तिथूनही हसणं वर आलं. फाबिओला तोंडावर हात ठेवून हसत होती, तिचा नवरा हसत होता, एवारिस्तोसुद्धा हसला, मग बायकोचा चेहरा बघून थांबला. न हसणारी माणसं तिथं तिघंच होती, म्हातारी, कासिल्दा आणि ती पोरगी.

"मी घातल्या," नोएलिया म्हणाली. "आजीला माहीत पण नव्हतं. मी बाथरूममध्ये घातल्या. माझ्या मी."

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. घट्ट वेण्यांमुळे कानांना लपायला जागा नव्हती. माघार घेणाऱ्यांसाठी त्या फलाटावर एक छोटं दार आहे आणि बागवाल्यांनी गंमत म्हणून त्याच्यावर भित्र्यांची खूण, एक कोंबडी, रंगवली आहे. बूट हातात घेऊन, अनवाणी, ती त्या दारातून गेली. मागून कुणीतरी कोंबडीसारखं ओरडलं. कासिल्दा पिशव्या सावरत तिच्यामागे निघाली. दार ओलांडताना तिला एक गोष्ट लख्ख कळली, आणि ती तिला मुळीच कळायला नको होती: मघाशी ओरडली त्या क्षणी तिच्या मनात दांडा नव्हता. दांडा नंतर आला, बोलता बोलता, कामाला आला. तिच्या मनात एवढंच होतं, की ही आता त्यांची होऊन खाली उतरणार.

बाकावर दोघी बसल्या. वरून डबे जात होते. त्यातल्या एकात ओल्वेरा होते. त्यांची किंकाळी सगळ्यांच्या किंकाळ्यांतून वेगळी ऐकू आली, कारण ती हसत हसत मारलेली होती. कासिल्दानं नोएलियाच्या तळपायाला लागलेले मक्याचे कण झटकायला हात पुढे केला. पाय मागे गेला.

"पडली असतीस," कासिल्दा म्हणाली.

नोएलियानं बूट मांडीवर घेतले.

"त्या दांड्याला मोठी माणसं लागतात. म्हणून माप असतं. मला तुझ्यासाठी भीती वाटली गं."

"तू हसलीस," नोएलिया म्हणाली. "पहिल्यांदा नाही टेकलं तेव्हा. तू हसलीस."

त्याच्यावर काय बोलायचं? तुला हसले नाही, सुटले म्हणून हसले, हे खरं होतं, पण दहा वर्षांच्या पोरीला ते सांगायचं म्हणजे आपणच आधी सगळं सांगायला हवं, सुरी, अंबाडा, वेण्या, पलंगाखालचे बूट.  बोलायचं होतं तेव्हा ती इतकी वर्षं गप्प बसली, आणि बोलली ती मघाशी, तिथं. तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. ते नोएलियानं बघितलं आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

ओल्वेरा खाली आले ते नेहमीसारखे, केस विस्कटून. फोटो या वेळी कुणी घेतला नव्हता. दोन्या रेमेदियोस बाकावर सुनेच्या शेजारी धपकन बसल्या, रुमाल सोडला आणि कर्णफुलं घालायला लागल्या. फिरकी दोनदा हातातून निसटली. म्हातारीलाही वर भीती वाटते, हे कासिल्दाच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. "बरं केलंस," सासू हळूच म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी. "दांडा नसता बसला तिला. मी वर गेल्यावर बघितलं. मी चुकले." मग फिरकी घट्ट करत म्हणाली, "पण पोर नांगीखाली उभं असताना त्याला हसू नये, पोरी. मी आजवर कुणाला हसले नाही तिथं. तुलासुद्धा नाही." म्हातारी एवढं बोलून उठली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला कासिल्दाकडे उत्तरं होती, गेली कित्येक वर्षं तयार करून ठेवलेली.

केक कापला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कलंडलेल्या केकवर मेणबत्त्या लावल्या, गाणं झालं. कुणी दुपारचा विषय काढत नव्हतं; ओल्वेरा अशा वेळी जास्तच मोठ्यानं गातात. नोएलियानं फुंकर मारली. मग ठेका सुरू झाला, आधी दबकत, मग रंगात येऊन, "चावा! चावा! चावा!" आणि सगळे थोडे मागे सरकले. दर वर्षी या क्षणाला कासिल्दा पोरीच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची, दोन्ही हात तिच्या मानेभोवती धरून, कुणाचा पंजा येऊ नये म्हणून. आणि पोरगी वाकून, आईच्या हातांच्या आत, नाकाला मलई न लागता छोटासा घास घ्यायची. आजही ती सवयीनं मागे गेली. हात पुढे करावेत की नाही, हे तिला ठरवता येईना.

नोएलियानं मान वळवून वर बघितलं. "आई," ती म्हणाली, "आज आधी तू चाव."

"वाढदिवस तुझा आहे."

"असू दे ना. माझा आहे म्हणूनच." पोरगी बाजूला सरकली आणि तिनं आईला जागा करून दिली. आवाज मऊ होता. दुपारपासून पहिल्यांदा ती आपणहून बोलली होती, आणि कासिल्दाला गहिवरून आलं. झालं गेलं संपलं, असं तिला वाटलं; मुलं विसरतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास, काडी!" एवारिस्तो ओरडला. लग्नानंतरच्या त्या केकपासून तिनं कुणासमोर मान वाकवली नव्हती. आज ती हसली, दोन्ही हात पाठीमागे बांधले, डोळे मिटले आणि वाकली. मलईचा गोड, थंड वास नाकाशी आला.

मानेवर हात पडला आणि ती आत गेली. कपाळापर्यंत. नाकात मलई, पापण्यांवर मलई, कानांत ओल्वेरांचा आनंदाचा गदारोळ, कुठंतरी लांब, पाण्यातून ऐकावा तसा. आत टोचण्यासारखं काहीच नव्हतं. काड्या तिनंच सकाळी वेचून काढल्या होत्या. हात कुणाचा, हे या वेळी कुणाला विचारायची गरज नव्हती. तो लहान होता. गंमत झाली की हात उचलायचा असतो, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हा उचलला जात नव्हता. दाबतच होता, कोपर ताठ करून, सगळ्या अंगाचं वजन टाकून, आणि बाहेर कुणाच्या ते लक्षातही येत नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीचं वजन ते किती. नुसती मान हलवली असती तरी कासिल्दा वर आली असती. तिनं मान हलवली नाही. श्वास रोखून ती आत तशीच राहिली, तो हात आपणहून उठेपर्यंत.